शिंगाड्याचा तलाव

कोणतंही नवं सॉफ्टवेअर आलं की वनिता सगळ्यात आधी त्याला आपल्या गावचा तलाव दाखवायची. उपग्रहाचं चित्र उघडायचं, तलावावर आणून थांबवायचं आणि लॅपटॉपला दरडावून विचारायचं, "सांग बे, हे का हाय?" सॉफ्टवेअर थोडा वेळ घुरघुरायचं आणि अख्खा तलाव पिवळा रंगवून मोकळं व्हायचं. आमच्या नकाशात पिवळं म्हणजे धानाचं शेत, निळं म्हणजे तलाव. "नापास!" म्हणून ती खुर्ची मागे ढकलायची, आणि माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. कारण पुढचं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं काम माझ्याच गळ्यात यायचं.

गोंदियात, फुलचूरच्या रस्त्यावर, एका टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. उपग्रहाच्या चित्रांवरून जिल्ह्यातले गावतलाव शोधायचे आणि त्यांचा नकाशा करायचा, हे आमचं काम. नकाशात जो तलाव दिसेल त्याचा गाळ निघणार, त्याची पाळ, म्हणजे काठाचा मातीचा बांध, दुरुस्त होणार. जो दिसणार नाही, तो सरकारच्या लेखी नाहीच. वनिता अर्जुनी मोरगावकडच्या ढिवर, म्हणजे मासेमारांच्या घरातली. तिची आई गावच्या तलावात शिंगाडा लावते, त्याच शिंगाड्यावर वनिता नागपूरला शिकून आली. शिंगाड्याचा वेल असा पसरतो की वरून पाणी दिसतच नाही, सगळं हिरवंगार. सॉफ्टवेअरला ते धान वाटायचं. आणि तिच्या तलावाची पाळ तर गेल्या पावसाळ्यातच खचली होती. आणखी एक जोराचा पाऊस, की तलाव फुटून रिकामा.

"शेत मनून रंगवलं तं पाळ कोन बांधन वं?" ती मला विचारायची. जसं काही मीच रंगवलं होतं!

साहेबांना घाई होती. त्यांनी नागपूरहून एक विक्रेता बोलावला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय, आणि बाहेर ऑक्टोबरचं रणरणतं ऊन. "मॅडम, बस एक क्लिक! पूरा जिल्हा आ जायेगा." वनिता म्हणाली, "एका क्लिकमंदी तं बल्ब बी उडते, भाऊ." त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ग आधीच ठरलेले होते: पाणी, पीक, जंगल, घरं, आणि उरलंसुरलं सगळं 'इतर'. त्यात शिंगाड्याचा वेगळा वर्ग घालता येईल का, असं तिनं विचारलं. तो हसला. म्हणाला, "'इतर' में डाल दो ना." झालं! "'इतर' मंजे का, मी सांगतो तुमाले. 'इतर' मंजे आपून तिथं गेलोच नाही," असं म्हणून तिनं त्याच्यासाठी आलेला चहा स्वतःच पिऊन टाकला. बिचारा चहा न पिताच गेला.

शेवटी तिनं निवडलं ते फुकटचं, ओबडधोबड सॉफ्टवेअर. मधूनच अडायचं, त्याची बटणं कुठं दडलीत ते शोधताना माझा जीव जायचा. पण त्यात आपले वर्ग आपण करू शकायचो, आणि वेगवेगळ्या महिन्यांची चित्रं एकत्र वाचायला देता यायची. धान कापलं की शेताच्या बांध्या करड्या पडतात, शिंगाडा तेव्हाही हिरवा असतो. कापणीआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही महिने पाहिले की फरक कळतो. अट एकच. आधी त्याला शिकवावं लागायचं. प्रत्यक्ष जागेवर जायचं, 'इथं शिंगाडा, इथं धान, इथं उघडं पाणी' असे नमुने मोबाइलवर टिपायचे आणि ते त्याला द्यायचे.

"हे शिकवत कोण बसणार?" साहेब वैतागले. "मी हाव ना." "आणि तू आजारी पडलीस तर?"

प्रश्न कडू होता, पण खोटा नव्हता. वनिताला सिकलसेल होता. आमच्याकडे हा रक्तातला आजार कोणाला समजावून सांगावा लागत नाही, प्रत्येकाच्या नात्यात कोणीतरी असतंच. थंडी लागली, दगदग झाली की तिची हाडं अशी ठणकायची की ती गुडघे पोटाशी घेऊन खुर्चीत बसायची, आणि तशातही तिचा एक हात माउसवर असायचा.

"मनूनच तं हे पायजे, सर," ती शांतपणे म्हणाली. "नमुने एकडाव देले का कोनाबी जवळ चालते. मी नसन तं सुषमा चालवन." आणि तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "तोंडाला काही आवर घाल गं!" मी ओरडले. ती मात्र खो खो हसत सुटली.

हिवाळ्यात ती नमुने घ्यायला गावी गेली. आई लाकडी डोंगा वल्हवायची आणि ही पुढे बसून टिपत जायची. मी फोनवर बजावलं, "काठावरूनच घे, बाई. गार वारं आहे, लवकर घरी जा." तिचं उत्तर ठरलेलं. "काठावरून तं कोनीबी सांगते वं. मधात जा लागते."

त्याच आठवड्यात तिला गोंदियाच्या दवाखान्यात आणलं. मी गेले तेव्हा तिच्या नाकात नळी होती, ओठ सुकले होते. वेदनेनं मधूनच डोळे फिरवायची, आणि डोळे उघडले की विचारायची, "नमुने उतरवले का वं? मंग रंगव ना." मी म्हटलं, तू बरी हो, दोघी मिळून रंगवू. ती बरी झाली नाही. मला अजून तिचा राग येतो. इतकी कसली घाई होती? तलाव काय पळून जाणार होता? आणि मग वाटतं, तिला आपलं आयुष्य माझ्यापेक्षा नीट ठाऊक होतं, म्हणून घाई होती. पण हे कळून माझं दुःख काही कमी होत नाही.

तेरवीनंतर मी तिचे नमुने घातले आणि तलावावर चित्र आणलं. 'सांग बे' मनातल्या मनात म्हटलं आणि बटण दाबलं. सॉफ्टवेअर घुरघुरलं. मग तलाव पाळेपासून पाळेपर्यंत निळा झाला, शिंगाड्यासकट. मी असा हंबरडा फोडला की खालचा टायरवाला धावत वर आला.

पाळेचं काम मंजूर झालं, ते सांगायला मी तिच्या गावी गेले. वनिताच्या आई, आमच्या काकू, चुलीपुढे शिंगाडे उकडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "इतक्या वरून समदं दिसते मंता, तं माही पोरगी कुठं दिसते का वं त्यात?"

मी लॅपटॉप उघडला आणि तिनं टिपलेले ठिपके दाखवले. "ही बघा, काकू. इथं होती, डोंग्यात. मग इथं आली. मग इथं."

काकूंनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि एकेका ठिपक्यावरून हळूहळू नेलं. "इथं वेल दाट होता, डोंगा अटकला," त्या म्हणाल्या. "इथं हासली. इथं मने, आई, कच्चा शिंगाडा सोलून दे." तलावाच्या मधोमध शेवटचा ठिपका होता. तिथं बोट थांबलं. "इथं मने, आई, आता थंडी वाजून राहिली. घरी चाल."

बोट तिथून हललं नाही. थोड्या वेळानं स्क्रीन आपोआप विझली. मी बटण दाबून ती परत लावली. पुन्हा विझली. पुन्हा लावली.