आचोळ्याच्या आजारी मुलासाठी

सुरुवातीलाच माफी मागतो. हे लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, याची मला अजूनही खात्री नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच, आणि वर्तमानपत्रात छापून येईल असं काही आमच्याकडे आजवर कुणी लिहिलेलं नाही. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या, रेजिनाच्या घरी मात्र शिकलेली, लिहिती माणसं आहेत. तिचे एक काका शिक्षक आहेत, आत्या चर्चच्या मासिकात लिहिते. रेजिना जाऊन काही आठवडे झाल्यावर मी गिरीजला तिच्या घरी गेलो, तेव्हा तिची आई म्हणाली, ''महेश, तू लिही. आमच्यातलं कोणी लिहिलं तर ती चांगली मुलगी होती, एवढंच लिहील.'' मी म्हटलं, ''काकू, मला नाही जमणार.'' त्या म्हणाल्या, ''तिलाही सगळं कुठे जमत होतं...'' आणि उठून आत गेल्या. म्हणून लिहितो आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

आम्ही मूळचे जत तालुक्यातले. वडील कामासाठी नालासोपाऱ्यात आले आणि आचोळ्यात एका खोलीत आमचं घर झालं. ते भंगाराच्या गाळ्यावर काम करतात. लोखंड, पत्रा, प्लास्टिक वेगळं करायचं, वजन करून टेम्पोत भरायचं. त्यांच्या मुकादमाने सांगितलं की वसईकडच्या शाळांमध्ये पोरं घडतात, म्हणून आठवीत मला गिरीजजवळच्या एका मराठी शाळेत घातलं. रोज बस बदलून जायचं. शाळेच्या मागे केळीच्या वाड्या आणि एक बावखल, म्हणजे वाडीला पाणी देण्यासाठी खणलेलं तळं. पहिल्या दिवशी मला ते सगळं फार सुंदर वाटलं होतं. एवढं हिरवं मी तोवर पाहिलं नव्हतं.

वडील काय करतात, हे सरांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. त्यानंतर माझं नाव गेलं आणि 'भंगार' राहिलं. जॉयल आमच्या वर्गातला, गिरीजचाच, अंगाने थोराड, फुटबॉलमध्ये पहिला. त्याच्याबरोबर आणखी दोघे असायचे. मधल्या सुट्टीत ते माझ्या दप्तरात रिकाम्या बाटल्या, गंजलेले डबे टाकायचे आणि म्हणायचे, ''घे रे, बापाला दे. आजचा धंदा.'' वर्ग हसायचा. मग जॉयलचं दप्तर नाक्यापर्यंत उचलून न्यायचं काम माझ्याकडे आलं. नाही म्हटलं की पाठीत बुक्की. एकदा माझे बूट बावखलात फेकले. मी कमरेएवढ्या पाण्यात उतरून ते शोधत होतो आणि काठावरून जॉयल विचारत होता, ''किलोला काय भाव बोलतोस?'' घरी आईने विचारलं तर चिखलात घसरलो म्हणून सांगितलं. आईने बूट चुलीजवळ वाळत घातले आणि म्हणाली, ''बघून चालावं की रं जरा.''

नववीत मी शाळेत जाणं सोडलं. सकाळी डबा घेऊन निघायचो आणि सोपाऱ्याच्या जुन्या स्तूपाजवळ झाडाखाली बसून राहायचो. ते फार दिवस लपलं नाही. वडील रागावले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. ते म्हणाले, ''नको असेल तर सोड. जबरदस्ती न्हाई. गाळ्यावर ये, हाताला काम हाय.'' आईचा चेहरा उतरला, पण तिनेही अडवलं नाही. आमच्याकडे शाळा सुटणं ही काही फार मोठी गोष्ट नव्हती. माझ्या दोन्ही चुलतभावांची अशीच सुटली होती. दिवाळीनंतर नाव काढून टाकायचं ठरलं आणि तोवर मी टेम्पोवर जाऊ लागलो.

तोपर्यंत रेजिनाशी मी कधी बोललेलोही नव्हतो. ती मुलींच्या रांगेत खिडकीजवळ बसायची. अभ्यासात मधली, आवाज मात्र मोठा. चर्चमध्ये वाचन करायची, त्यामुळे प्रार्थना असो की पाढे, तिचा आवाज वेगळा ऐकू यायचा. शनिवारी दुपारी ती आईबरोबर नालासोपाऱ्याच्या बाजारात वाडीतली भाजी घेऊन बसायची. तिथे मी टेम्पोत पत्रे चढवत होतो आणि ती समोर येऊन उभी राहिली. हातात शिराळ्यांची जुडी तशीच.

''तू आजारी नाहीस?''

''नाही.''

''सरांनी हजेरीला आजारी सांगितलं.''

तिने माझ्याकडे पाहिलं, टेम्पोकडे पाहिलं. मग म्हणाली, ''जॉयल माझा चुलतभाऊ आहे. माहितीये तुला?'' मला माहीत नव्हतं. मला वाटलं ती त्याच्या बाजूने काही सांगायला आली आहे. ती म्हणाली, ''आमच्या आळीत सगळे त्याला गरीब स्वभावाचा पोरगा म्हणतात. मला घरी हसायला येतं आणि शाळेत रडायला.'' आणि आईने हाक मारली म्हणून ती गेली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. तिने नंतर सांगितलं, आणि इतक्या वेळा सांगितलं की मला ते पाहिल्यासारखं वाटतं. त्यांच्याकडे ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी आळीतली सगळी घरं क्रूसापाशी जमून रोजरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, म्हणतात. सुरू करण्याआधी ज्याला ज्याच्यासाठी प्रार्थना हवी असेल, तो ते मोठ्याने सांगतो. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाचा मुलगा जहाजावर आहे, कुणाची परीक्षा. त्या दिवशी रेजिना पुढे आली. तिने ठरवलं होतं दोन वाक्यं बोलायची. पहिलं, आमच्या वर्गातला आचोळ्याचा महेश शाळेत येत नाही, त्याच्यासाठी. आणि दुसरं, त्याला जे मारतात आणि त्यातला एक इथे उभा आहे, त्यांच्यासाठी. पहिलं वाक्य झालं. दुसऱ्यासाठी तिने श्वास घेतला, तेवढ्यात रोजरी चालवणारी म्हातारी, म्हणजे जॉयलची आजी, रेजिनाची चुलत आजी, हळहळून म्हणाली, ''अरेरे, लहान पोर... फार आजारी आहे का गं?'' आणि उत्तराची वाट न पाहता तिने नमो मरिया सुरू केलं. एकदा प्रार्थना सुरू झाली की मध्ये कोण बोलणार?

अशा तऱ्हेने मी आजारी पडलो. दुसऱ्या दिवसापासून आजी स्वतःच माझं नाव घेऊ लागली. ''आचोळ्याच्या आजारी पोरासाठी.'' तिच्या मागे सगळी आळी. जॉयल आपल्या आईशेजारी उभा राहून रोज माझ्या तब्येतीसाठी प्रार्थनेला उत्तर देत होता. रेजिना म्हणायची, पहिल्या दिवशी त्याला हसू दाबता येत नव्हतं, नंतर तो जमिनीकडे बघायला लागला. कारण घरी गेल्यावर आजी त्याला विचारायची, ''तुझ्याच वर्गातला ना तो? आला का रे? काय झालंय त्याला?'' जॉयल रेजिनाकडे आला. ''तू सांग ना आजीला काहीतरी.'' ती म्हणाली, ''मला कुठे माहितीये काय झालंय. तुला माहितीये. तूच सांग.''

पुढच्या शनिवारी ती पुन्हा टेम्पोपाशी आली. मला सगळं सांगितलं आणि पहिल्यांदाच मी तिला हसताना पाहिलं. मग एकदम गंभीर झाली. ''हे बघ, मी क्रूसापाशी जेवढं जमलं तेवढं केलं. अर्धवटच झालं. वर्गात तुला यावं लागेल. तू आलाच नाहीस तर तो जिंकला आणि वर आजीची माळ फुकट.'' मी म्हटलं, मला भीती वाटते. ती म्हणाली, ''वाटू दे ना. भीती वाटते म्हणून कोणी रजा देत नाही.'' तिच्या तोंडी अशी वाक्यं असायची. घरी येऊन मी वडिलांना म्हटलं, दिवाळीपर्यंत जाऊन बघतो. ते म्हणाले, ''बघ. दिवाळीला मुकादम इचारणार हाय मला, पोरगं कामावर येतंय का म्हणून.''

सोमवारी मी गेलो. जॉयल आला आणि त्याने माझ्या बाकावर केळीच्या पानात बांधलेली पुडी ठेवली. उकडलेली राजेळी केळी होती. मी सोमवारी येणार, असं रेजिनाने सांगितल्यावर आजीने आजारी मुलासाठी पाठवलेली. त्याच्या दोन्ही दोस्तांनी ते पाहिलं. एकजण म्हणाला, ''आयला, जॉयलने भंगारला डबा आणला. लग्न कधी?'' वर्ग हसला, आणि या वेळी तो जॉयलला हसला. त्याला ते सहन झालं नाही. त्याने मागच्या बाकाखालची एक बाटली उचलली आणि माझ्या दप्तरात कोंबली.

मी ती बाटली बाहेर काढली. मी चालत त्याच्या बाकापर्यंत गेलो, ती तिथे ठेवली आणि म्हटलं, ''ही तुझी आहे.'' त्याने मला ढकललं. मी त्याची कॉलर धरली आणि सोडली नाही. दोघेही बाकांच्या मध्ये पडलो. मारामारी मला येत नव्हती. फक्त सोडायचं नाही एवढंच डोक्यात होतं. त्याचे दोस्त धावले, तेव्हा रेजिनाने मध्ये येऊन दोघांचा रस्ता अडवला. ''बसा खाली. एकावर एक आहे, एकावर तीन नाही.'' त्यातला एक म्हणाला, ''तू कोण गं, त्याची बायको?'' ती म्हणाली, ''मी जॉयलची बहीण आहे. आणि मी बघतेय.'' ते दोघे खरंच थांबले. मी जिंकलो, असं कुणी समजू नये. माझा ओठ फुटला, त्याचा शर्ट फाटला आणि सर आले.

सरांनी विचारलं, कोणी सुरू केलं. आमच्या वर्गात अशा प्रश्नाला कुणी उत्तर देत नसे. रेजिना उभी राहिली आणि त्या मोठ्या आवाजात सगळं सांगितलं. बाटल्या, दप्तर, बूट, बावखल. क्रूसापाशी राहिलेलं दुसरं वाक्य तिने तिथे पूर्ण केलं. ती खाली बसली तेव्हा मागून एक मुलगा उठला, माझा डबाही फेकतात म्हणाला. मग एक मुलगी. मग आणखी कोणी... जॉयल भिंतीला टेकून उभा होता. मला वाटलं होतं तो माझ्याकडे रागाने बघत असेल. तो रेजिनाकडे बघत होता.

माझा प्रश्न तिथे सुटला. दिवाळीला नाव काढलं नाही, दहावी झाली, बारावी झाली. मुकादमाने विचारलं तेव्हा वडील म्हणाले, पोरगं शिकतंय. पण रेजिनाला ते महाग पडलं, हे मला फार उशिरा कळलं. जॉयलच्या घरच्यांनी तिच्या घरी येणं-जाणं बंद केलं. त्या नाताळला दोन्ही घरांमध्ये फराळाचं ताट गेलं नाही की आलं नाही. तिचे वडील म्हणाले, घरातलं घरात ठेवायचं असतं. एकाच आळीत राहून, एकाच वाटेने चर्चला जाऊन, मागे-पुढे चालायचं. एकटी आजी तेवढी बोलायची. तिला सगळं समजल्यावर ती रेजिनाला म्हणाली होती, ''म्हणजे आजारी दुसराच होता. आपण नाव चुकीचं घेतलं.'' पुढच्या ऑक्टोबरमध्ये तिने जॉयलचं नाव घेतलं, कारण न सांगता.

हळूहळू दोन घरं पुन्हा बोलू लागली. जॉयलने माझी कधी माफी मागितली नाही, मीही वाट पाहिली नाही. शाळा संपल्यावर आमची भेट उरली नाही. रेजिना मात्र भेटत राहिली. ती नर्सिंगला गेली. आचोळ्याला आमच्याकडे आली की आईच्या हातची भाकरी मागून खायची आणि आईला त्यांच्या बोलीतले शब्द शिकवायची. एकदा मी तिला विचारलं, तू त्या दिवशी वर्गात एवढी धीट कशी झालीस? ती म्हणाली, ''धीट कसली रे. माझे पाय लटपटत होते. त्या दोघांना अडवलं ना, तेव्हा मी बाकाला धरून उभी होते. तो बाक नसता तर पडले असते.'' मला आजही वाटतं, धीराबद्दल मला जे काही कळतं ते एवढंच आहे.

या पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला. साधा ताप म्हणून दोन-तीन दिवस अंगावर काढला. नर्सिंगच्या मुलीने असं करावं याचं तिच्या आईला अजून नवल वाटतं. हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा उशीर झाला होता. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझी परीक्षा चालू होती आणि तिचे मेसेज आले नाहीत, तर मला वाटलं ती ड्युटीवर असेल.

रविवारची सकाळ होती. मी आत वाचत बसलो होतो. दार वाजलं, आईने उघडलं आणि आत बघून म्हणाली, ''महेश, तुजा दोस्त आलाय बघ.'' दारात जॉयल उभा होता. किती वर्षांनी पाहत होतो त्याला. त्याने चपला बाहेर काढल्या होत्या, पण तो उंबऱ्याच्या आत येत नव्हता. डोळे सुजलेले. आई पाणी आणायला वळली. मी म्हटलं, ''तू इथे कसा? फोन करायचा ना.''

तो म्हणाला, ''घरच्या माणसांना अशी बातमी आमच्याकडे फोनवर नाही सांगत. आळीतली पोरं एकेका दिशेला गेलीत. आचोळ्याला मी जातो म्हटलं.'' मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ''रेजिना गेली, महेश. चारला चर्चमध्ये आणतायत.''