रावणाच्या कपाळातलं कलम

लहानूबाबा कोणताही कागद आधी चाखायचे. लग्नपत्रिका आली, कोपरा फाडला, जिभेवर. बँकेची नोटीस आली, तिचाही कोपरा जिभेवर. "गुळगुळीत हाये. पानी पीत नाय. कामाचा नाय," असा निकाल. मुरबाडकडच्या त्यांच्या पाड्यावर बोहाड्याच्या उत्सवात देव-राक्षसांचे जे मुखवटे नाचतात, ते सगळे बाबांच्या हातचे. भिजवलेली रद्दी, चिंचोक्याची खळ आणि बाबांचा अंगठा! त्यांच्या घरात शिरलेला कागद महिन्याभरात देव तरी व्हायचा, नाहीतर राक्षस. मी माझी सर्टिफिकेटं घेऊन त्या घरासमोरून कधी गेलो नाही.

त्यांचा नरसिंह पाहून सापगावची एक म्हैस दोन दिवस दूध द्यायचं विसरली. शपथेवर सांगतो, म्हैस माझीच होती.

अशा माणसाच्या अंगणात एके दिवशी चार देशांचे तज्ज्ञ उतरले. कलेवर पोट भरणाऱ्यांसाठी सरकारांनी कसं धोरण आखावं, याचा मसुदा ते मिळून लिहीत होते. मी शहापूरला इंग्रजी शिकवायचो, म्हणून दुभाषा मी. आनंदाने माझं वजन तीन किलोंनी वाढलं होतं.

त्यांच्यातली उंच बाई उत्साहाने म्हणाली, "प्रत्येक मुखवट्याच्या नोंदीत एकच रकाना, त्यात करणाऱ्याचं नाव. मालक तोच. त्याच्या परवानगीशिवाय कोणी हात लावायचा नाही!" मी छाती फुगवून मराठीत सांगितलं. कुंपणापाशी पाड्यावरच्याच कमळावहिनी उभ्या होत्या. त्या कडाडल्या, "म्हंजे रावन आता बाबांच्या नावावर? त्यो नाचवायचा मान आमच्या घराचा. माज्या आजेसासऱ्यापासून! उद्या आमी नाचायला बाबांची सही आनायची? आन् बाबांच्या मागं त्यांच्या कल्यानच्या जावयाची?"

तिथली रीत तशीच: मुखवटा बाबांनी करायचा, पण कोणता कोणी नाचवायचा, ते ज्याच्या त्याच्या घराचं. बाईंनी विटेएवढा जाड मसुदा, वर इंग्रजी आणि खाली मराठी, बाबांच्या हातात दिला. पुढच्या महिन्यात शहापूरच्या सभेत तो पक्का व्हायचा होता. बाबांनी कोपरा फाडला, चाखला, आणि चेहरा असा उजळला की कोंबडा अवेळी आरवला.

"मास्तर, काय कागद हाये! लोनी! आन् ते एकाच मालकाचं लिवलंय, ते पान कंचं?"

मी दाखवलं. बाबांनी ते दुमडून मुंडाशात खोचलं.

सभेच्या दिवशी बाबा जीपमधून मांडीवर भलंमोठं गाठोडं घेऊन उतरले. मागोमाग कमळावहिनी, भांडायच्या तयारीने पदर खोचून. बाईंनी विचारलं, "मसुदा वाचलात?"

"वाचला नाय. भिजवला."

मी भाषांतर केलं, "खोलवर अभ्यास केला आहे."

बाबांनी गाठोडं सोडलं. दहा तोंडांचा रावण! एवढा डोळे वटारलेला की पंखा आपोआप हळू झाला. बाबांनी तो उलटा केला. आत, मधल्या तोंडाच्या कपाळाला, ते पान अख्खंच्या अख्खं चिकटवलेलं. बाईंनी स्वतःचं वाक्य ओळखलं.

"बाये, कागद तुजा. हात माजा. मान कमळीच्या घरचा," बाबा म्हणाले. "आता लिव तुज्या रकान्यात येकाचंच नाव. कोनाचं लिवतेस?"

हे भाषांतर मात्र मी जसंच्या तसं केलं. मग काय! चार देश एकमेकांवर तुटून पडले. एकजण टेबलावर चढला, दुसऱ्याने रावण डोक्यावर चढवून मुद्दा मांडला. चहाची तीन पातेली गार झाली. संध्याकाळी बाईंनी ते कलम खोडलं आणि एका रकान्याचे दोन केले: केला कोणी, आणि मान कोणाचा. नाचायला सही नको; बाकी एकाला विचारल्याशिवाय दुसऱ्याने काही करायचं नाही.

"मंग आधी आमचं घर लिवा," कमळावहिनी म्हणाल्या.

"लिव बाये," बाबा हसले. "मी काय, रद्दीवाला."

बाबा गेल्या वर्षी गेले. यंदाच्या बोहाड्यात कमळावहिनींच्या नवऱ्याने तो रावण चढवला. त्याआधी मी आत डोकावून पाहिलं. खोडलेलं कलम अजून तिथेच आहे, नाचणाऱ्याच्या कपाळाला टेकलेलं. वर्षावर्षाच्या घामाने 'एकमेव' पुसलं गेलंय. 'मालक'ही आता फिकट होत चाललाय.