नयनाच्या पेशी आणि शुक्रवारची लाईट

आमच्या लॅबचा फ्रिज मी दर दिवाळीला साफ करते आणि संक्रांतीपर्यंत तो पुन्हा गच्च भरतो. किश्शांचंही तसंच. त्यातले निम्मे तरी नयनाचे.

नयना सातपाटीची, माझ्याकडे पीएचडी करते. मी बोईसरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. माझा आवाज तीन वर्गांपलीकडे जातो म्हणतात, जाऊ दे. नयनाचा विषय, पेशी चालतात कशा. जखम झाली की कडेच्या पेशी सरकत येऊन ती भरून काढतात. तेव्हा पेशी एक प्रथिन बनवायची कृती, म्हणजे एमआरएनए, थेट आपल्या पुढच्या टोकाला धाडते आणि तिथल्या तिथे प्रथिन बनवून पुढे सरकते. त्या कृतीवर कुठे जायचं त्याचा पत्ता असतो. तो पत्ता झाकला तर काय होतं, हे नयनाला दाखवायचं होतं.

पण तिच्या पीएचडीची मुदत संपत आली होती. विद्यापीठाच्या समितीचे अध्यक्ष मुंबईहून फोनवर म्हणाले, "या वेळी मला डोळ्यांनी दिसलं तर पुढे. नाहीतर नोंदणी रद्द."

*

सुरुवात अंड्यांपासून. आम्हाला कोंबडीच्या भ्रूणातल्या पेशी लागतात. नयनाने दुकानातून ट्रे आणला आणि उबवायला ठेवला. दिवस गेले, आत काहीच नाही. मी भडकले. "अगं, प्राणिशास्त्राची ना तू? दुकानातल्या अंड्याला बाप नसतो!"

शेजारी मराठीचा तास चालू होता. तो पाच मिनिटं बंद पडला.

मग ती मनोरकडच्या एका पाड्यावरून गावठी अंडी घेऊन आली. लॅबमध्ये ती उबवली आणि आत भ्रूण धरलाय का ते तपासून घ्यायला रिक्षाने दुसऱ्या कॉलेजात निघाली, टोपली मांडीवर, ओढणीखाली. प्रत्येक खड्ड्याला म्हणायची, "भैया, धीरे. अंदर बच्चे हैं."

रिक्षावाल्याने विचारलं, "कितने?"

"बारह."

रिक्षा बाजूला घेऊन तो आधी पाणी प्यायला.

*

एकदा मी सातपाटीला तिच्या घरी गेले. तिची आई मासळी विकते. दारात बोंबील निवडत बसली होती. "मॅडम, ही करते काय नक्की?" मी सगळं समजावलं.

"म्हंजे बोटीवर जेवान रांधतात तसं," आई म्हणाली. "घरून शिजवून कोन नेतं?"

"अगदी तसं."

"मग चांगल्या चालत्या पेशीचा पत्ता हिला झाकायचाय कशाला?"

आतून नयना म्हणाली, "आई, झाकल्याबिगर कळत नाय."

आईने माझ्याकडे बघितलं. "लहानपनी असंच भिंतीवरचं घड्याळ खोललं व्हतं. अजून बंद हाय."

*

पेशी चालते म्हणजे काय, तर तासभर टक लावून बसावं तेव्हा जरा सरकते. नयना मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायची. जेवायला हाक मारली की एकच उत्तर, "ही पोचल्याशिवाय मी उठत नाही."

एक दिवस ओरडली, "मॅडम, सगळ्या एकदम निघाल्या!" मी धावत गेले. पेशी खरंच उड्या मारत होत्या. खिडकीबाहेर एमआयडीसीचा टँकर चालला होता.

शेवटी हादरे शोषायला टेबलाच्या पायांखाली रिक्षाच्या जुन्या ट्यूब हवा भरून घातल्या. टेबल अजून तसंच आहे.

*

पत्ता झाकलेल्या पेशी पहिल्यांदा दिसल्या तेव्हा आम्ही आळीपाळीने डोळा लावला. मेल्या नव्हत्या, थांबल्याही नव्हत्या. कधी इकडे वळायच्या, कधी तिकडे, आणि जागच्या जागी घोटाळायच्या. आमचा लॅब अटेंडंट विजय वाकून बघत म्हणाला, "मॅडम, ह्या आपल्या ऑफिसात लागल्यात वाटतं."

हसून घेतलं. पण हे अध्यक्षांना दिसायला हवं होतं.

*

अध्यक्षांनी यायला नेमका शुक्रवार निवडला. बोईसरला शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून विजेची दुरुस्तीही शुक्रवारीच. हे मुंबईच्या माणसाला कोण सांगणार? जानेवारीचा गारठा, त्यात सकाळीच लाईट गेली. पेशींना अंगाइतकी ऊब लागते. थंडावल्या की त्या हलत नाहीत.

मी डोक्याला हात लावला. नयनाने पेशींच्या दोन्ही बाटल्या, साध्या आणि पत्ता झाकलेल्या, घट्ट बंद केल्या. एक ओढणीत गुंडाळून पोटाशी बांधली आणि दुसरी माझ्यापुढे धरली. "मॅडम, ही तुमच्या पदराखाली."

"मी?"

"तुमच्याकडे ऊब जास्त हाय."

अध्यक्ष आले. आम्ही दोघी पोट धरून उभ्या. नयनाने तशीच सगळी मांडणी सांगितली, एकदाही अडखळली नाही. अध्यक्ष बराच वेळ आमच्याकडे बघत होते. "तुम्हा दोघींना बरं नाहीये का?"

"बरं आहे सर," नयना म्हणाली. "पेशी आहेत."

ते घड्याळ बघून उठायला लागले आणि लाईट आली. नयनाने आधी माझ्याकडची बाटली मायक्रोस्कोपखाली लावली, पत्ता झाकलेल्या पेशींची. त्यांनी बघितलं, "हं," म्हणाले. मग तिने स्वतःची लावली. मधोमध आम्ही जखम म्हणून ओढलेला ओरखडा आणि कडेची एक पेशी त्यात टोक खुपसून निघालेली.

अध्यक्ष वाकले ते वाकलेच. चहा आला, साय धरली. विजयने त्यांच्या मागे स्टूल सरकवलं, न बघताच बसले. नयना भिंतीला टेकून उभी होती. ओढणी अजून पोटाशी बांधलेली होती.

शेवटी त्यांचा ड्रायव्हर दारात आला. "सर, निघायचं ना? हायवेला अडकू."

अध्यक्षांनी डोळा न काढता हात वर केला. "थांब. ही पोचल्याशिवाय मी उठत नाही."