दुखण्याचे अरबी शब्द

माझा नवरा आखातात वेल्डर होता, तेव्हा मी इकडे अंधेरीत अरबी गाणी वाजवायला शिकत होते. त्याला ते आवडेल असं मला वाटलं होतं.

आम्ही दोघं एकाच चाळीत वाढलो. लग्नानंतरही मी त्याला अरे-तुरेच करायचे. सासूबाईंना ते खटकायचं, पण त्या मालवणकडच्या, बोलून मोकळ्या व्हायच्या आणि विसरून जायच्या. सासरे गिरणीत होते. संपानंतर गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही, आणि वर्षभरात तेही गेले. मग नवऱ्याने पासपोर्ट काढला. मी मरोळच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला जात होते. घरात मी, सासूबाई आणि माझं व्हायोलिन.

व्हायोलिन मला चाळीमागच्या गावठाणातल्या सरांनी शिकवलं. सर ख्रिस्ती, तिथलेच जुने रहिवासी. त्यांच्या वडिलांची भातशेती होती, तिथे आता इमारती उभ्या होत्या. सर गिटार वाजवायचे, चर्चच्या हॉलमध्ये मुलांना शिकवायचे आणि लग्नाच्या बँडमध्येही जायचे. मला त्यांनी लहानपणापासून शिकवलं आणि मोठी झाल्यावर गणपतीतल्या ऑर्केस्ट्रांमध्ये कामं मिळवून दिली.

त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी ते घरी आले. म्हणाले, “बाय, शनिवारचं काम आहे. पावसाळाभर. विमानतळाजवळच्या हॉटेलात.”

पावसाळ्यात आखातातली कुटुंबं खास पाऊस बघायला मुंबईत यायची. सांताक्रूझपासून जुहूपर्यंतची हॉटेलं त्यांनी भरायची. बायका-मुलं समुद्रावर मुद्दाम भिजत उभी राहायची, आणि आम्ही इकडे ओले कपडे कुठे वाळत घालायचे या चिंतेत. अशा पाहुण्यांसाठी हॉटेलने दर शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम ठेवला होता. पहिल्या भागात अरबी गाणी, दुसऱ्या भागात स्पॅनिश. अरबी गायला एक पन्नाशीतला माणूस बाहेरून आला होता. तो ऊद वाजवून गायचा. ऊद म्हणजे मोठ्या पोटाचं, आखूड मानेचं तंतुवाद्य. स्पॅनिशला नवरा-बायको होते, तो गिटारवर आणि ती गाणारी. मागे साथीला इथलेच वाजवणारे हवे होते.

तालमी चर्चच्या हॉलमध्ये व्हायच्या. पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. मी वाजवायला लागले की ऊदवाला मान हलवायचा आणि म्हणायचा, “ला, ला.” मला वाटलं, सरांनी शिकवलेल्या दो-रे-मीमधला ‘ला’ मागतोय. मी ला वाजवला. तो पुन्हा म्हणाला, “ला.” मी आणखी जोरात वाजवला. शेवटी दुभाष्याने सांगितलं की अरबीत ‘ला’ म्हणजे ‘नाही’. हा दुभाषा भेंडीबाजारात अत्तरं विकणारा गृहस्थ होता. स्पॅनिश बाई हसून हसून खुर्चीत वाकली.

मग ऊदवाल्याने माझं बोट स्वतःच्या हाताने तारेवर ठेवलं. दोन स्वरांच्या मधोमध. कोमलही नाही आणि शुद्धही नाही, अशी एक जागा. आठवडाभर मला ती सापडली नाही. आणि सापडली तेव्हा ती बेसूर न वाटता एखाद्याने बोलता बोलता आवंढा गिळावा तशी वाटली. स्पॅनिश बाई गायची तेव्हा तिचाही आवाज अधूनमधून तिकडेच घसरायचा. सर म्हणाले, अरब लोक कधीकाळी स्पेनमध्ये कित्येक शतकं नांदले आहेत, तेव्हाचं उरलंय हे.

मला त्या गाण्यांचं वेड लागलं. नवरा त्याच भाषेत दिवसभर वावरतो, तो ज्या गावात राहतो तिथलीच हवा माझ्या हाताखाली आहे, असं काहीतरी डोक्यात होतं. आमच्यात तेव्हा कॅसेट पाठवायची पद्धत होती. फोन परवडायचा नाही, आणि सासूबाईंना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्या टेपरेकॉर्डरसमोर बसून मुलाशी बोलायच्या. त्या वेळच्या कॅसेटमध्ये त्यांच्या बोलण्यानंतर मी तालमीतलं एक गाणं भरलं आणि चाळीतल्या एका जाणाऱ्याबरोबर पाठवून दिलं.

उत्तराची कॅसेट आली नाही. जुलैत एका दुपारी नवराच दारात उभा राहिला.

हातात एक लहान बॅग. गालफडं बसलेली. सासूबाई तांदूळ निवडत होत्या, त्या तशाच उठल्या. “असो कसो इलंस रे? काय कळवूक नाय, सामान खंय?”

“सामान नाही,” तो म्हणाला. “काम संपलं.”

काम संपलं नव्हतं, हे आम्हाला दोघींनाही कळलं. पण तो जेवला आणि झोपला, आणि पुढचे कितीतरी दिवस तेवढंच करत राहिला. कोणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जायचा. सासूबाईंनी दृष्ट काढली, अंगारा लावला. मी विचारलं तर म्हणायचा, “नंतर सांगतो.”

त्या आठवड्यात मी घरी सराव करत होते. नेहमीप्रमाणे खिडकीशी उभी राहून, त्या मधल्या जागेवर बोट ठेवून. तो आतून आला आणि व्हायोलिनच्या तारांवर तळहात ठेवला. जोरात नाही, नुसता ठेवला.

“घरात हे नको वाजवूस.”

“का? कॅसेट मिळाली होती ना तुला?”

“मिळाली. लावली होती. मग बंद केली.” त्याने हात तारांवरून काढला. “दिवसभर तीच भाषा. लाऊडस्पीकरवर, गाडीत, जेवताना. यल्ला, यल्ला, यल्ला. आवर, पळ, चढ वर. आणि संध्याकाळी खोलीवर तू तेच ऐकवतेस.”

“ते गाणं आहे रे.”

“मला फरक कळत नाही,” तो म्हणाला.

मला राग आला होता, आणि भीतीही वाटत होती. हा माणूस लग्नाआधी मला व्हायोलिन वाजवताना ऐकायला चर्चच्या कंपाउंडवर बसून राहायचा. मी सराव हॉलवर न्यायला लागले. त्याने शनिवारी जाऊ नकोस असं कधी म्हटलं नाही. पण मी तयार होऊन निघाले की भिंतीकडे तोंड करून पडायचा. सासूबाई जिन्यापर्यंत येऊन हळूच म्हणायच्या, “जा गो. तेका काय विचारू नको आता.”

कार्यक्रम छान रंगत होते. पाहुण्यांमधले म्हातारे ऊद सुरू झाला की डोळे मिटून घ्यायचे, त्यांच्या बायका तोंडाने एक लांब, थरथरता आवाज काढायच्या. मी त्यांच्याकडे बघून वाजवायचे आणि मनात घरची खोली असायची. एका शनिवारी माझं बोट ठरल्या जागेवरून सारखं सुटत होतं. ऊदवाला माझ्याकडे बघत राहिला. नंतर दुभाष्यामार्फत त्याने विचारलं, घरी कुणी आजारी आहे का. मी हो म्हटलं, कारण दुसरं काय सांगायचं ते सुचलं नाही.

ऑगस्टमधल्या एका तालमीला दुभाषा आलाच नाही. आरे कॉलनीच्या रस्त्यावर झाड पडून त्याची बस अडकली, असं नंतर कळलं. आम्ही खुणांनी काम चालवलं. मध्येच ऊदवाल्याने वाद्य मांडीवरून खाली ठेवलं, कपाळ पुसलं आणि काहीतरी बोलला. चेहरा राखेसारखा झाला होता. सरांनी पाणी दिलं. ते त्याने घेतलं नाही. तो पुन्हा पुन्हा तेच बोलत होता आणि आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. स्पॅनिश बाई त्याच्या शर्टाची बटणं काढत तिच्या भाषेत बोलत होती, सर इंग्रजीत, मी मराठीत.

तेवढ्यात माझा नवरा हॉलच्या दारात आला. घराची किल्ली मी पर्समध्ये घेऊन आले होते, दार ओढलं जाऊन तो आणि सासूबाई बाहेर अडकले होते, म्हणून त्याला यावं लागलं होतं. तो दारातच थबकला. ऊदवाला बोलत होता, आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की त्याला कळतंय.

“छाती म्हणतोय,” तो म्हणाला. “डावा हात पण. श्वास घेता येत नाहीये.”

मग तो आत आला, गुडघ्यावर बसला आणि ऊदवाल्याला काहीतरी विचारलं. नवऱ्याच्या तोंडून अरबी मी पहिल्यांदाच ऐकत होते. तुटक, खरखरीत. ऊदवाल्याने त्याचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. तसंच दोघांना रिक्षात बसवलं. मी आणि सर मागच्या रिक्षात.

जवळच्या नर्सिंग होममध्ये डॉक्टर मराठीत विचारायचे, नवरा अरबीत, मग उलटं. दुखणं कधीपासून, आधी कधी झालं होतं का, कुठली गोळी चालू आहे. हार्टचंच होतं, पण वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळपर्यंत ऊदवाला सावरला होता. हॉटेलची माणसं आली, तेव्हा नवरा बाहेर बाकावर येऊन माझ्याशेजारी बसला.

“तू एवढं कधी शिकलास?” मी विचारलं.

“एवढंच येतं,” तो म्हणाला. “पळ, चढ, आण, उचल. आणि हे.”

“हे म्हणजे?”

“कुठे दुखतंय, श्वास लागतोय का. हे एका दिवसात शिकलो.”

मग त्याने सांगितलं. त्याच्या खोलीत बोरिवलीचा एक फिटर होता, त्याच्याच वयाचा. तेलाच्या टाकीवर काम चालू असताना उंचावर बांधलेल्या परांचीची फळी सुटली आणि तो खाली आला. नवरा त्याला पिकअपच्या मागे घेऊन दवाखान्यात गेला. तिथल्या नर्सने जे विचारलं ते त्याला समजलं नाही, तिने छातीला, पोटाला हात लावून शब्द पुन्हा म्हणून दाखवले. ते शब्द त्याला कळेपर्यंत तो माणूस गेला होता. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला त्याच परांचीवर चढायला सांगितलं. तो चढला नाही. म्हणून परत पाठवला.

“त्याच्या घरी हार्ट फेल म्हणून कंपनीची तार गेली,” नवरा म्हणाला. “बायको आहे. मुलगी आहे.”

मी त्याचा हात धरून बसले. आतून ऊदवाल्याचा खोकला ऐकू येत होता.

ऊदवाला बरा झाला, पण त्याला गायला मनाई केली. शेवटच्या शनिवारी तो खुर्चीत पाठीला उशी घेऊन बसला आणि नुसता वाजवत राहिला. त्याच्या वाजवण्यावर स्पॅनिश बाई तिचं गाणं गायली. पाहुण्यांना ते फारसं रुचलं नाही, दोन-तीन टेबलं उठूनही गेली. मला मात्र त्या पावसाळ्यातलं तेवढंच गाणं नीट आठवतं. नवरा मला न्यायला आला होता. ऊदवाल्याने त्याला आत बोलावलं, तरी तो आला नाही. बाहेर बसस्टॉपवर उभा राहिला.

सप्टेंबरात एका रविवारी आम्ही दोघं बोरिवलीला गेलो. फिटरची बायको तिच्या दिराकडे राहत होती. नवऱ्याने जे झालं ते सरळ सांगितलं. दीर ऐकता ऐकता उठून उभा राहिला.

“हार्ट म्हणून कळवलंय आम्हाला. आम्ही सगळ्यांना तेच सांगितलंय. आता हे काढून काय मिळणार तुम्हाला?”

“मला काही नको,” नवरा म्हणाला.

“मग कशाला आलात?”

ती बाई उठून आत गेली. तिने चहा आणून ठेवला. कोणी प्यायलं नाही. येताना नवरा म्हणाला, “नव्हतं जायला पाहिजे.” मला काय वाटतंय ते मलाच कळत नव्हतं. तो पुन्हा अंथरुणाला लागेल अशी धास्ती होती. तसं झालं नाही, पण तो बराही झाला नाही. साकीनाक्याला एका गाळ्यात ग्रिलं करायचं काम धरलं, जमिनीवर बसून करायचं. शिडीवर मात्र चढायचा नाही. घरातला दिवा गेला की बल्ब मी बदलायचे.

दिवाळी होऊन गेल्यावर ती बाई एकटीच मुलीला घेऊन आमच्या घरी आली. पत्ता विचारत विचारत. दिराला सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी मुलीच्या हातात करंजी दिली आणि तिला गॅलरीत घेऊन गेल्या. बाई नवऱ्यासमोर बसली.

“परत सांगा,” ती म्हणाली. “त्या दिवशी भावजी मध्ये बोलत होते. मला नीट ऐकू आलं नाही.”

त्याने पुन्हा सांगितलं. या वेळी हळू, काही न वगळता. तिने विचारलं, “गाडीत बोलत होते का?”

“बोलत होता. बूट काढ म्हणत होता. घट्ट होतात म्हणाला.”

“काढलेत?”

“नाही. मी म्हटलं, दवाखाना जवळ आलाय, तिथे काढू.”

तिने दाराशी काढलेल्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाली, “घरी आले की आधी चपला काढायचे ते. पायात काही सहन व्हायचं नाही त्यांना.” आणि रडली. नवराही रडला. ते दोघं तसे बसलेले असताना मला तिथे थांबवेना, म्हणून मी चहाचं आधण ठेवायला आत गेले.

निघताना मी तिला बसपर्यंत सोडलं. मुलगी झोपेला आली होती, तिने तिला कडेवर घेतलं. बस आली तेव्हा ती म्हणाली, “पुन्हा आले तर चालेल का? अजून काही आठवलं असेल त्यांना.” मी म्हटलं, “ये ना.” ती त्यानंतर बऱ्याचदा आली.