फाटकावरचं डफडं

शाळेच्या फाटकाजवळ एका स्टुलावर डफडं ठेवलं होतं. त्याच्या दोन काड्या, एक जाड, एक बारीक. शेजारी घडी घातलेला लाल फेटा. खाली जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि त्यावर काडेपेटी.

मला वाटलं, नाटिकेचं सामान कुणी चुकून बाहेर आणून ठेवलं. खिशातली यादी काढून पाहिली. मेंढपाळांच्या काठ्या सहा, घोंगड्या सहा, देवदूतांचे पंख चार जोड्या, चांदणी एक. डफडं नव्हतं.

मी उचलून आत न्यायला लागलो, तेवढ्यात प्रमोद आला. कोट घातला होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "राहू दे ना बे तिथंच. तुह्यासाठीच आहे ते. पंधरा मिनटाची गोष्ट. गेस्ट उतरले का वाजवजो, मंग आत येऊन जाजो." मग पायानं गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "हे पाह्य, शेकाले पेपर बी ठेवले."

मी गोंदियाच्या एका कॅथलिक शाळेत संगीत शिकवतो. मुलांची शाळा. चौदा वर्षं झाली, मानधनावर आहे. दर डिसेंबरात गॅदरिंग होतं, नाताळची नाटिका होते, त्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या एकतीस मुलांना मी उभं करतो. गेल्या डिसेंबरातली ही गोष्ट. त्या वर्षी संस्थेनं सांस्कृतिक विभागप्रमुखाची एक कायम जागा मंजूर केली होती. मुख्याध्यापक फादर ती स्टेजवरून जाहीर करणार होते. नाटिकेतली सातही गाणी माझ्या चालीची. फादर मला दिवाळीआधी ऑफिसात बोलावून म्हणाले होते, मास्टरजी, इस बार आपका काम सब देखेंगे. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, छापून येऊ द्या, मग बोला.

छापायचं काम प्रमोदकडे होतं. कार्यक्रमाची यादी मी केली होती. बावीस बाबी, प्रत्येकीपुढे वेळ, जबाबदारी, नाव. चौदावी बाब: नाताळ नाटिका, संगीत दिग्दर्शन, आणि पुढे माझं नाव. कागद त्याच्या हातात दिला आणि परत पाहायला मागितला नाही. मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासतो. त्याची नाही तपासली.

कारण तो प्रमोद होता. आम्ही दोघं याच शाळेत पाचवीला एका बाकावर बसलो. त्याच्या घरची बिरसीकडे धानाची मोठी शेती. मी आमगावकडच्या एका खेड्यातून आलो होतो, गळा बरा म्हणून तेव्हाच्या फादरांनी फी माफ करून घेतलं होतं. प्रमोद डबा माझ्यापुढे सरकवायचा. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, असली की दोन माझ्या. पुढे तो इथंच हिंदीचा सर झाला, नाटक बसवू लागला. मला इथं आणलं तेही त्यानंच. मी ते कधी विसरलो नाही, आणि त्यानंही विसरू दिलं नाही.

आम्ही मांग. गावातल्या वराती, मिरवणुका, पोळा, सगळ्यांपुढे डफडं वाजवणं हे काम गावानं आमच्या घराला लावून दिलेलं. बाबा वाजवायचे. मी चौथीत असताना एका वरातीत पोरांनी त्यांना उलटं चालत वाजवायला लावलं, नवरदेवाकडे तोंड करून. बांधावरून पाय घसरला. बाबा चिखलात उताणे पडले. वरून आवाज आला, थांबू नको, वाजव. बाबांनी पडल्या पडल्या वाजवलं. मी बांधावर उभा होतो. वरात हसत होती.

घरी येऊन त्यांनी अंगाचा चिखलही धुतला नाही. विळा घेतला आणि डफड्याचं चामडं मधोमध फाडलं. आईनं काऊन म्हणून विचारलं. ते म्हणाले, "मी वाजवून राहिलो होतो आन् ते हासून राहिले होते. आता नाही वाजवत." नुसतं लोखंडी कडं उरलं. ते भिंतीला टांगलं. बाबा गेल्यावर ते मी गोंदियाजवळ मुर्रीला माझ्या घरी आणलं आणि कपाटाच्या वर, गाद्यांच्या मागे ठेवलं. दिसू नये असं.

शाळेत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'मजुरी' लिहायचो. सांगितलं होतं एकालाच. सातवीत, ग्राउंडवरच्या चिंचेखाली. थंडीत चामडं ढिलं पडतं, मग कागद पेटवून डफडं शेकावं लागतं, मग ते बोलतं, हेही त्यालाच सांगितलं होतं. तो खूप वेळ ऐकत बसला होता. मला ते फार बरं वाटलं होतं.

आणि आता माझ्यापुढे कागदांचा गठ्ठा होता. काडेपेटीसकट.

स्वागताला उभ्या असलेल्या मुलांच्या हातात छापील पत्रिका होत्या. एक मागून घेतली. पहिली बाब: पाहुण्यांचं पारंपरिक वाद्यानं स्वागत. पुढे माझं नाव. चौदावी बाब: नाताळ नाटिका, लेखन, दिग्दर्शन व संगीत. पुढे प्रमोदचं नाव. बाकी सगळी यादी माझीच होती. वेळासुद्धा माझ्याच.

मी प्रमोदला शोधलं. तो आत गेला होता. फादर फाटकाकडे येत होते. मी पत्रिका त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती पाहिलीही नाही. हसून म्हणाले, "मास्टरजी, मैनेजमेंट के लोग लोकल कल्चर देखना चाहते हैं. प्रमोद सर ने बताया, ये तो आपके खून में है."

मी काय केलं ते खरं सांगतो. मी काडी ओढली. चौदा वर्षांची सवय, फादरांनी सांगितलं की करायचं. कागद पेटवला, डफडं त्यावर धरलं, फिरवलं. हात आपोआप फिरत होते. मी आयुष्यात कधी डफडं शेकलं नव्हतं, फक्त पाहिलं होतं. चामडं तापलं. बोटानं एक ठोका दिला. नेमकं बोललं. गेटवरचा चौकीदार म्हणाला, वा मास्तर, तुम्हाले तं चांगलंच जमते. मागे उभे असलेले दोघं-तिघं सर हसले. वाईट हसले नाहीत. सहज हसले.

ते हसणं मला ओळखीचं होतं.

गाड्या आल्या. पाहुणे उतरले. फादरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी वाजवलं नाही. त्यांनी हळू आवाजात म्हटलं, बजाइए. मी डफडं स्टुलावर ठेवलं, चामड्याची बाजू खाली करून. काड्या त्यावर आडव्या ठेवल्या.

"मी वाजवणार नाही, फादर," मी म्हणालो. "माझी मुलं आत वाट पाहून राहिली आहेत."

पाहुणे उभे. मुलं हार घेऊन उभी. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. त्या टाळ्यांतून मी हॉलकडे चालत गेलो.

पत्रिकेत त्या जागी नाव प्रमोदचं होतं, म्हणून मी स्टेजवर गेलो नाही, हॉलच्या मागच्या दारात उभा राहिलो. मला वाटत होतं, माझ्याशिवाय मुलं गायला उठणार नाहीत. हे मला खरंच वाटत होतं. वेळ झाली. पडदा उघडला. एकतीस मुलांसमोर, मी उभा राहतो त्या खुणेवर, प्रमोद उभा होता. त्याला सूर कळत नाही, ताल कळत नाही. त्यानं नुसता हात वर केला. आणि मुलं बरोबर सुरू झाली. कुठंही चुकली नाहीत. मीच इतकं घोटून घेतलं होतं की समोर कोण उभं आहे, यानं काही फरक पडत नव्हता.

नाटिकेत येशूच्या जन्माची पहिली बातमी मेंढपाळांना मिळते. उघड्यावर राहणाऱ्यांना, ज्यांना कुणी आत घेत नाही त्यांना. संवाद प्रमोदनंच लिहिले होते. लोकांचे डोळे पाणावले. मग फादर माइकवर आले आणि विभागप्रमुखाचं नाव जाहीर झालं. ते कोणाचं, हे सांगायची गरज नाही.

सोमवारी मी मुख्याध्यापकांना अर्ज दिला. तीन प्रश्न. चाली कोणाच्या. नाव कोणी बदललं. मला फाटकावर उभं करायचं कशावरून ठरलं. पोच घेतली. उत्तर आलेलं नाही.

दुपारी प्रमोद संगीताच्या खोलीत आला. म्हणाला, "एवढं कायले मनावर घेतं बे? तुह्या बापाची कलाच होती ना ते. आम्ही तं मान देला."

मी म्हणालो, "माह्या बापानं ते सोडलं होतं. तुले माहीत होतं. तुलेच माहीत होतं."

तो दाराकडे वळला. मग म्हणाला, मी नसतो तं तू इथं नसता. आणि गेला.

मी त्या रात्री झोपलो नाही वगैरे काही नाही. नीट झोपलो. सकाळी कपाटावरून गाद्या काढल्या आणि मागचं कडं खाली घेतलं. एक गोष्ट मला स्पष्ट झाली होती. प्रमोदनं मला मारलं ते माझ्याच लपवण्यानं. मी 'मजुरी' लिहिलं, कडं दडवलं, आणि एकाच माणसाच्या हातात ते सोपवून निर्धास्त राहिलो. लपवलेलं असतं तोवरच ते दुसऱ्याच्या कामाचं.

कडं पिशवीत घालून शाळेत नेलं. संगीताच्या खोलीत, फळ्याच्या वर, मुलांना समोर दिसेल असा खिळा ठोकला आणि टांगलं. खाली कागदावर बाबांचं नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि लिहिलं: वाजंत्री. वाजवणं स्वतःहून थांबवलं.

सातवीच्या मुलांनी विचारलं, सर, याचं चामडं कुठं आहे? मी सगळं सांगितलं. चिखलासकट. हसणाऱ्यांसकट. फाटकासकट. त्या तासाला गाणं झालं नाही.

राजीनामा मी देणार नाही. पुढच्या डिसेंबरातली पत्रिका मी छापखान्यात स्वतः नेईन, प्रूफ स्वतः तपासेन. माझ्या चालीवर माझं नाव नसेल तर ती चाल त्या स्टेजवर वाजणार नाही, आणि हे मी लेखी कळवलं आहे. त्याचीही पोच आहे.

परवा फादर खोलीत आले. कड्याकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "ये क्या है? इसे उतारना पड़ेगा."

मुलं बसली होती. मी पेटीवरचा हात उचलला नाही.

"माझ्या बापाचं आहे, फादर. उतरवायचं असेल तर तुम्ही उतरवा. मुलांसमोर."