उशिरा उमटलेली रेघ

कृषी खात्यात तपासनीस असताना केलेली एक चूक मी अनेक वर्षे लपवली. वांग्याच्या पानाच्या रसात बुडवलेली जनुकबदल तपासणीची पट्टी दहा मिनिटांतच वाचायची असते. तेवढ्यात दुसरी रेघ उमटली तर जनुकबदल आहे; नंतर उमटलेली रेघ ग्राह्य नसते. मी चहा घेऊन उशिरा परतलो, फिकट दुसरी रेघ पाहिली आणि फेरतपासणी न करता ‘जनुकबदल आढळला’ असे लिहिले. अशा वांग्याच्या लागवडीला बंदी असल्याने त्या शेताच्या मालकीण शेवंताबाई यांचे उभे पीक उपटले गेले.

“साहेब, बी माझ्या आईचं हाय वो,” एवढेच त्या म्हणाल्या होत्या.

आज एकट्यापुरते चिरलेले वांगे पाण्यात टाकायचे राहिले आणि पाहता पाहता काळवंडले. उशीरही डाग उमटवतो. ते तसेच ठेवून मी त्यांच्या दारी गेलो.

“बाई, पट्टी मी उशिरा पाहिली होती. खोट तुमच्या बियाण्यात नव्हती. मला क्षमा करा.”