मेरठ ते धारूर, दादाच्या मापाचा किल्ट घेऊन

दादाची पॅन्ट भर वरातीत तिसऱ्यांदा घसरली, त्या दिवशी मी गावाकडं जायचं ठरवलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमच्या वडवणीच्या एका बँडात मोठा ढोल वाजवतो. अंगानं आडवा, पोट ढोलाला टक्कर देणारं. पॅन्ट त्या पोटाखाली बांधायची अन् दोन्ही हातांत काठ्या, मग वर ओढणार कोण? बेल्ट झाला, नाडी झाली, खांद्यावरून गॅलिस लावला तर तो ढोलाच्या पट्ट्यात अडकला. शेवटी बँडच्या मास्तरांनी सांगून टाकलं, "धारूरच्या लग्नात घसरली, तर ढोल दुसऱ्याच्या गळ्यात." दादाला ढोलाशिवाय दुसरं काही येत नाही, अन् यावं असं त्याला वाटतही नाही.

मी आठवीतून शाळा सोडून जमेल तिकडं हिंडलो, सध्या मेरठात आहे. आमच्या कारखान्यात मशकबीन, म्हणजे बॅगपाइप, वाजवणाऱ्या पथकांसाठी किल्ट शिवतात. किल्ट म्हणजे चौकड्याच्या लोकरी कापडाचा, गुडघ्यापर्यंतचा, गुंडाळायचा पोशाख. पुढून सपाट, मागं सगळ्या चुण्या. त्या चुण्या बसवायचं काम माझं. दीड वर्षात एक गोष्ट पक्की कळली. बारीक माणसावर किल्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसतो, जाड माणसावर तो भरतो. कारण तो पोटाखाली नाही, बेंबीवर बांधायचा. पोट आडवं येत नाही, उलट पोटच त्याला धरून ठेवतं. पुढचं सपाट कापड पोटावरून सरळ खाली पडतं अन् मागच्या चुण्यांनी पाठीमागंही तेवढाच भार येतो. तोल साधतो.

मी फोन लावला. "दादा, कमरेचं माप सांग."

"बेचाळीस."

"ते पोटाखालचं. बेंबीवरून टेप घे."

फोनवर टेप उलगडल्याचा, मग पडल्याचा आवाज. मग म्हणाला, "बारक्या, बेंबी दिसंना बे."

शेवटी वहिनीनं टेप धरला. छप्पन्न! मागून दादा ओरडत होता, "टेप खोटा हाय!"

तुमच्या घरात असा माणूस असेल तर पॅन्टीच्या मापावर विश्वास ठेवू नका. सगळे जाड लोक पोटाखालचंच माप सांगतात.

त्या मापाचा किल्ट शिवला अन् निघालो. मेरठहून दिल्ली बसनं, तिथून रेल्वेनं छत्रपती संभाजीनगर. एक रात्र अन् जवळजवळ अख्खा दिवस जातो. थंडीचे दिवस होते, स्लीपरात वारा घुसत होता, म्हणून किल्ट काढून अंगावर घेतला. समोरचा बाबा कापड चाचपून म्हणाला, "कंबल बढ़िया है, कितने का?" मी म्हणालो, "कंबल नहीं, बड़े भाई का कपड़ा है." त्यानं कापडाची लांबी बघितली, मग मला बघितलं अन् तोंड फिरवून झोपला.

संभाजीनगरहून बीडला लाल बस मिळत राहते, तीन-साडेतीन तास धरा. बीडच्या स्टँडबाहेर गरम भजी अन् तळलेली मिरची खाऊन घ्या, पुढं वडवणीपर्यंत रस्ता पोटातलं सगळं खाली बसवतो. वेळ असेल तर बीडजवळ कपिलधारचा धबधबा करता येतो. मला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी लग्न होतं.

घरी पोचलो अन् दादाला किल्ट बांधला. बाजूचे चामडी पट्टे आवळले, पुढं कातडी पिशवी लटकवली. दादानं त्यात लगेच तंबाखूची पुडी टाकली. वहिनी चहाचा कप हातात धरून बघतच राहिली.

"कसं दिसतंय?" दादानं विचारलं.

"पोट कुठं गेलं?" वहिनी म्हणाली.

सकाळी बँडच्या टेम्पोतून निघालो. वडवणी, तेलगाव, मग धारूरचा घाट. घाटात टेम्पो रांगतो, त्यामुळं डोंगर निवांत बघायला मिळतात. कडेला बायका सीताफळं विकतात. हंगाम संपत आला होता, स्वस्तात पाटीभर मिळाली. आमच्या टेम्पोत मात्र डोंगराकडं कोणाचं ध्यान नव्हतं. प्रत्येक वळणाला एकच प्रश्न.

"आत काय हाय बे?"

"आत माणूस हाय," दादा म्हणायचा अन् बी थुंकायचा.

मास्तरांनी किल्ट एकदा खालून वर बघितला. फक्त म्हणाले, "घसरला तर बोली तीच."

धारूरला परण्या निघाला, म्हणजे नवरदेवाला वाजत-गाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात तो. दादानं अर्धा तास ढोल बडवला. चुण्या मागं मोरासारख्या हलत होत्या, किल्ट बोटभर खाली आला नाही. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात नवरदेवाच्या मामांनी दादाला बघितलं. मामा वडवणीचे बागायतदार, दादापेक्षा हातभर आणखी रुंद. अंगात सफारी, पोटावरचं बटण मघाशीच तुटलेलं.

"ढोलवाल्याला असला पोशाख, अन् मामाला कावून न्हाई?" मामा मंडपाच्या दारात उभे राहिले. "मी नवरदेवाच्या मागं उभा ऱ्हात न्हाई. दुसरा मामा बघा."

नवरदेवाचे वडील समजूत घालून थकले. मामा खांबाला धरून उभे. मुहूर्ताला अर्धा तास.

दादानं माझ्याकडं बघितलं. "दे त्येला. लग्न आडायला नको."

"अन् तुझा ढोल?"

"दे म्हणलं ना."

टेम्पोमागं जाऊन मामांना किल्ट चढवला. पट्टे शेवटच्या भोकात गेले, पण गेले. किल्टची लांबी बघायची तर माणसाला गुडघ्यावर बसवतात, खालची कड जमिनीला टेकली की बरोबर. मी सवयीनं म्हणालो, "मामा, गुडघ्यावर बसा." ते टेम्पोआडून मोकळ्या जागेत आले अन् मंडपासमोरच बसले.

घोळ तिथं झाला. मुलीकडच्या लोकांनी लांबून बघितलं की नवरदेवाचा मामा गुडघ्यावर आहे. "काय चुकलं हो आपलं?" म्हणत मुलीचा मामा धावत आला अन् समोर गुडघ्यावर बसला. त्याच्यामागं तिचे दोन चुलते. ते बघून नवरदेवाचे वडीलही बसले, आपण कमी पडायला नको म्हणून. आता उठेना कोणीच. आधी उठेल त्याचा मान जाणार.

"तुमी उठा की."

"छे छे, आधी तुमी."

भटजी अक्षता घेऊन आले. म्हणाले, "मी तीन म्हणतो, सगळे एकदम उठा. मुहूर्त कोणासाठी गुडघ्यावर बसत न्हाई."

उठले एकदाचे. मामा छाती काढून नवरदेवाच्या मागं उभे राहिले. अन् दादा टेम्पोच्या आडोशाला पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर; त्याची पॅन्ट घरी राहिलेली अन् मामांची कमरेला थांबेना. शेवटचं मंगलाष्टक संपलं की पहिला ठोका मोठ्या ढोलाचा पडतो. मास्तर आले, म्हणाले, "ढोल आण. ताशावाल्याला देतो."

दादानं ढोलावर हात ठेवला, पण उचलून दिला नाही.

मी इकडंतिकडं बघत होतो. मंडपाच्या मागच्या कडेला गुलाबी-पिवळी झालर होती. चुण्या घालून, वर पट्टी मारून तयार. आम्ही मेरठात दिवसभर बसून करतो ते काम इथं खांबाला लटकत होतं! मी कात्री काढली.

"ए, झालरीला हात लावू नको!" मंडपवाला धावत आला. धावताना एका हातानं स्वतःची पॅन्ट धरलेली.

मी त्याच्या पॅन्टीकडं बघितलं. "भाऊ, तुमी बी पोटाखाली बांधता का?"

तो थांबला. "मग कुठं बांधू?"

"झालर द्या, तुमच्या मापाचा एक किल्ट मेरठहून पाठवतो."

त्यानं मंडपाकडं बघितलं, पोटाकडं बघितलं. "मागची काप. पुढची दिसती."

पहिलं मंगलाष्टक चालू झालं. झालर मागं, पुढं आहेराचा टॉवेल सपाट, चार टाके उभे अन् चार आडवे, सुई बोटात दोनदा घुसली. कमरेला मंडपाची दोरी. "वर घे," मी म्हणालो, "बेंबीवर, दादा, बेंबीवर!" मंडपवाला गाठ ओढत होता. आत "सावधान" झालं. दादानं ढोल गळ्यात घातला अन् तसाच धावत सुटला.

पहिला ठोका पडला.

मग दुसरा. मी पोटाकडं नाही, त्या गाठीकडं बघत होतो. दादा वाकला, उड्या मारल्या, ढोल डोक्यावर धरून फिरला. गाठ जागची हलली नाही. वरातीत मामा अन् दादा समोरासमोर नाचले, एक लोकरीत, एक झालरीत. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "मामापरीस ढोलवालाच उठून दिसतुया बाई." मामांनी ऐकलं, अन् आणखी जोरात नाचले.

मास्तरांनी परतताना सीताफळ फोडून अर्धं दादाला दिलं. ढोलाचा विषय परत निघाला नाही.

धारूरचा किल्ला बघायचा राहिला. तुम्ही गेलात तर लग्नाच्या दिवशी जाऊ नका.

मेरठात येऊन पंधरा दिवस झाले. मामांनी किल्ट परत दिला नाही, देतील असं वाटतही नाही. मंडपवाल्याचा शिवून पाठवला. दादाचा दुसरा परवा पुरा केला, हिरव्या चौकड्याचा. काल फोन केला.

"पाठव," दादा म्हणाला. "पण घाई न्हाई. झालर आजून टिकली हाय, लोकं लग्नात तीच मागतेत."

"अन् पॅन्ट?"

"पॅन्ट बी आता वरच बांधतो." जरा थांबून म्हणाला, "बेंबी आजून दिसत न्हाई बारक्या. पण कुठं हाय ते कळलं."